ऋण साडेसात

पुस्तकातलं गणित असं:
पोहण्याचा तलाव, आठ मीटर लांब, पाच मीटर रुंद,
भोवती सगळीकडून सारखी फरसबंदी.
तलाव नि फरशी मिळून सत्तर चौरस मीटर.
तर फरशीची रुंदी किती?

बेगिमाय पेन्सिलीचं टोक चावत बसलेली.
आमच्या नारीनमध्ये पोहण्याचा तलाव कुणी पाहिलाय?
नदी आहे, ती नोव्हेंबरात दगड होते.
म्हटलं, तलाव खोड, नमदा लिही.
आठ वीत, पाच वीत, मधे लाल, भोवती काळा काठ.
पाणी मला मोजता येत नाही, लोकर येते.

तिनं काठाला क्ष म्हटलं.
मी काठाला काठच म्हणते. पण असू दे,
नाव विचारल्याशिवाय आम्हीही
परक्या माणसाला चूल दाखवत नाही.

आठ क्ष दोनदा, पाच क्ष दोनदा,
सव्वीस क्ष बरोबर तीस.
भागाकार संपेना.
एक, मग टिंब, मग पंधरा, अडतीस, शेहेचाळीस,
टिंबामागून मेंढरं निघाली, कळप सरेना.

मला हसू आलं.
सासरच्या पहिल्या हिवाळ्यात मी हेच केलं होतं:
चार बाजू मोजून चार पट्ट्या कापल्या, शिवल्या,
आणि चारही कोपऱ्यांतून जमीन दिसत राहिली.
उल्जान सासूबाई चकार शब्द बोलल्या नाहीत.
एकेका भोकात त्यांनी
चहाचा एकेक पेला ठेवला.

कोपरे, मी म्हटलं. कोपरे राहिले बाळ.

ती थांबली. मग बाजूला लिहिलं,
क्ष गुणिले क्ष, चार वेळा.
तिचं लिहून होईतो माझं उत्तर तयार:
चार नि सव्वीस, तीस.
काठ एक वीत. तुझं बीजगणित
अजून बूटच चढवतंय.

तिला राग आला. बापाचा राग, भुवईत साठणारा.
म्हणाली, आणि शंभर असते तर?
एक वीत काठ, सत्तर. दोन वीत, एकशे आठ.
मधली जागा मला दिसेना.
बोटं मोडली, सुतळी ताणली, दिवा जवळ ओढला.
तोवर तिनं चारशे नऊचं वर्गमूळ काढून
कागद माझ्यापुढे सरकवला:
पावणेदोन वीत, वर बोटाला किंचित कमी.
सुतळी लावून पाहिली.
बरोबर होतं.
मी मुकाट्यानं चहा ओतला.

मग मूळच्या गणिताकडे.
एक, हे उत्तर चौकटीत.
त्याच्याखाली दुसरं: ऋण साडेसात.
त्याच्यावर काट.
हे काय? म्हणून विचारलं.
काही नाही, रुंदी ऋण नसते,
साल्किनायबाई म्हणतात, सोडून द्यायचं.

सोडून द्यायचं कसं?
आम्ही लाल नि काळा नमदा एकावर एक ठेवून
एकाच सुरीनं कापतो.
लालातून निघालेलं मेंढ्याचं शिंग काळ्यात बसतं,
काळ्यातलं लालात.
एकाचं ऋण, ते दुसऱ्याचं धन.
चिंधीसुद्धा वाया जात नाही.
मला गणित येत नाही, मी एवढंच विचारलं,
की त्याला कुठे बसवून पाहिलंस का?

तिनं पाहिलं. मला दाखवायला म्हणून, कुरकुरत.
आठातून पंधरा गेले, उणे सात.
पाचातून पंधरा गेले, उणे दहा.
लांबीच्या जागी रुंदी, रुंदीच्या जागी लांबी,
दोन्ही पाठमोऱ्या.
गुणाकार केला.
सत्तर.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
ओल्या लोकरीचा वास, आणि भिंतीपलीकडे
शेजाऱ्यांची गाय अंग घासत होती.

उद्या बाई तांबड्या शाईनं काट मारतीलच.
बेगिमायनं स्वतःची काट खोडली,
खोडरबर माझ्या हातात दिला.
मी तो कात्रीच्या डब्यात टाकला.